डॉ. होमी भाभा

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुविद्य पारशी कुटुंबात झाला. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा. होमींचे मन मात्र पदार्थविज्ञानाकडे ओढ घेत होते. तरीही १९२७ साली केंब्रिजला जाऊन त्यांनी आधी यंत्रविद्येची परीक्षा उत्तम रीतीने पार पाडली आणि मगच ते आपल्या आवडत्या शास्त्राकडे वळले.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख त्या वेळी रदरफर्ड हे होते. थोरियम या धातूपासून एक वायू निघतो. १९०० साली कॅनडात असताना रदरफर्डांना असे आढळले होते, की या वायूची किरणे फेकण्याची शक्ती सुमारे एका मिनिटात निम्मी होते. मग दुसऱ्या मिनिटात उरलेली सारी संपावी, असे कोणालाही वाटेल. तसे घडत नाही. दुसऱ्या मिनिटाअखेर पाव भाग उरतो, तिसऱ्याअखेर अष्टमांश. अमुक एक अणू केव्हा पालटेल, हे कोणालाच सांगता येत नाही. पण कोट्यवधी अणूंपैकी निम्मे किती काळात पालटतील, हे नेमके सांगता येते. या काळास अर्धायुष्य म्हणतात. त्या वायूचे अर्धायुष्य मिनिटभराचे, तर खुद्द थोरियमचे सुमारे १४०० कोटी वर्षांचे! पृथ्वीचे वय सुमारे ४५० कोटी वर्षे. म्हणून तिच्या जन्मकाळच्या थोरियमपैकी चार पंचमांश अजून शिल्लक आहे.

१९३९ साली भाभा सुटीसाठी मायदेशी आले, तोच युरोपात युद्ध पेटले आणि ते येथेच राहिले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. १९४८ साली ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. मुंबईजवळ तुर्भे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली.

आपल्या देशात युरेनियम बेताचेच. केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियम मात्र विपुल. पण थोरियम ओल्या लाकडासारखे. ते आपणहून पेटत नाही. अणुभट्टीत त्याने एक न्यूट्रॉन गिळला, म्हणजे त्याचे जे नवे रूप होते त्याचे अर्धायुष्य सुमारे २२ मिनिटे असते. त्यापासून प्रोटॅक्टिनियम होते. त्याचे अर्धायुष्य सुमारे २७ दिवस. ते पालटले, की युरेनियमचा एक ज्वलनक्षम प्रकार हाती येतो. हे २७ दिवस कितीही तापवले तरी २६ होत नाहीत. दहा अर्धायुष्ये, म्हणजे नऊ महिने लोटले, की प्रोटॅक्टिनियमचा जेमतेम हजारावा भाग उरतो. हे सारे हिशेबात धरून भाभांनी १९५४ साली तीन टप्प्यांची योजना आखली. थोरियमचा टप्पा अखेरचा होता. एका हयातीत मावणारे हे काम नव्हते.

जानेवारी १९६६ मध्ये विलेपार्ल्याला लागून असलेल्या सांताक्रूझ विमानतळावरून 'कांचनजंगा' हे विमान युरोपकडे निघाले. व्हिएन्नातील एका बैठकीसाठी भाभा त्यात होते. २४ जानेवारीस ते विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. विमानातील सर्व ११७ माणसे दगावली. भाभा तेव्हा अवघे ५६ वर्षांचे होते.

त्यानंतर ३० वर्षांनी, १९९६ साली, तमिळनाडूतील कल्पाक्कम येथे 'कामिनी' ही लहानशी अणुभट्टी सुरू झाली. तिच्यात जळणारे युरेनियम थोरियमपासून तयार केलेले होते.