बांगडीसारखं गुणसूत्र पाहणारी बार्बरा

मैत्रिणींनो, एक्स-रे काढण्याआधी दवाखान्यात आपल्याला विचारतात, दिवस गेलेत का म्हणून. या किरणांनी पेशीतल्या गुणसूत्रांना इजा होऊ शकते. ती इजा नेमकी कशी दिसते, हे मक्याच्या रोपांत पाहिलं बार्बरा मॅक्लिंटॉकने.

१६ जून १९०२ रोजी अमेरिकेत हार्टफर्डला तिचा जन्म झाला. पोरगी जास्त शिकली तर लग्न कसं जमणार, ही आईची काळजी. (आईची जात सगळीकडे सारखीच!) वडिलांनी मात्र साथ दिली आणि १९१९ मध्ये ती कॉर्नेलला शिकायला गेली. १९२७ मध्ये डॉक्टरेट मिळाली. लग्न तिने केलंच नाही.

१९३१ च्या उन्हाळ्यात ती मिसुरीला गेली. तिथे मक्यावर एक्स-रे सोडत. ते गुणसूत्र ती सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. तुटलेल्या गुणसूत्राची दोन्ही टोकं जुळून कधी चक्क बांगडी व्हायची. निरोगी गुणसूत्राला एकच कंबर असते. पण तुटके तुकडे एकमेकांना चिकटले की दोन कंबरांचं गुणसूत्र तयार होई आणि पेशी दुभंगताना दोन्हीकडून ओढलं जाऊन पुन्हा तुटे.

आज किरणांचा अपघात झाला, तर माणसाचं थोडं रक्त घेतात. त्यातल्या पांढऱ्या पेशी सुमारे ४८ तास वाढवतात, त्यांचं विभाजन औषधाने मधेच थांबवतात आणि काचपट्टीवर रंग देऊन हीच दोन कंबरांची आणि बांगडीसारखी गुणसूत्रं मोजतात. जितकी जास्त, तितका मारा मोठा. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही ही तपासणी होते.

मिसुरीच्या नोकरीत पुढे जायची आशा दिसेना, तेव्हा १९४१ मध्ये ती बाहेर पडली आणि कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेत रमली. काही जनुकं जागा बदलतात, असं तिने १९५१ मध्ये मांडलं, पण ते फारसं कुणाच्या गळी उतरलं नाही. तिने वाद घालत बसण्यापेक्षा मका लावणं चालू ठेवलं. पुढे इतरांनाही तेच दिसलं आणि १९८३ मध्ये, वयाच्या ८१व्या वर्षी, तिला एकटीला वैद्यकाचं नोबेल मिळालं. घरात फोन नव्हता, बातमी तिने रेडिओवर ऐकली!

२ सप्टेंबर १९९२ रोजी ती गेली. आपलं खरं आहे हे ठाऊक असताना तीस वर्षं शांतपणे काम करत राहणं सोपं नाही, हे आपल्याशिवाय कोणाला जास्त कळणार?