गोणीवर पोर्टलँड हे नाव आणणारा गवंडी

नागपुरात घराचा स्लॅब टाकायची वेळ आली की दुकानात एक प्रश्न हमखास निघतो : सिमेंट ४३ ग्रेडचे घ्यायचे की ५३? आकडा मोठा तेवढा स्लॅब मजबूत, असा सरसकट समज. त्याच गोणीवर पोर्टलँड हा शब्दही छापलेला असतो. सिमेंटला ते नाव दिले जोसेफ अ‍ॅस्पडिन या इंग्रज गवंड्याने. आकड्यामागची ताकद मात्र त्याच्या भट्टीतून आलेली नाही.

जोसेफचा जन्म १७७८ चा, लीड्स शहरातला. वडीलही गवंडीच. चुनखडी भाजायची, चिकणमातीत कालवायची, पुन्हा भाजून पूड करायची, ही त्याची कृती. २१ ऑक्टोबर १८२४ रोजी तिचे पेटंट मिळाले. घट्ट झालेला माल इंग्लंडमधल्या पोर्टलँडच्या नामांकित दगडासारखा दिसे, म्हणून हे नाव. चुनखडी महाग पडायची, तेव्हा या गृहस्थाने रस्त्याच्याच फरश्या उखडल्या. त्यासाठी त्याच्यावर दोनदा खटला झाला. सिमेंट रस्त्यांसाठी होणारे खोदकाम पाहणाऱ्या नागपूरकरांना याची गंमत वाटेल. इथे सिमेंट बनवण्यासाठीच रस्ता खोदला जात होता.

१८२५ मध्ये भागीदार घेऊन त्याने वेकफिल्डला कारखाना काढला. मुलगा विल्यम हाताशी आला, पण बापलेकांचे पटले नाही. १८४१ मध्ये विल्यम बाहेर पडला आणि त्याच्या कर्जाला आम्ही जबाबदार नाही, अशी जाहीर नोटीस बापाने दिली.

विल्यमने लंडनजवळ स्वतःची भट्टी लावली. त्याने चुन्याचे प्रमाण वाढवले आणि आच बरीच चढवली. अशा आचेत माल वितळू लागतो आणि त्याचे काळपट, दगडासारखे खडे होतात. दळायला कठीण म्हणून असे खडे पूर्वी फेकून देत. त्यालाच आज क्लिंकर म्हणतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिमेंट कारखान्यांत साधारण १४५० अंशांवर तेच तयार होते. लवकर ताकद देणारे संयुग त्या आचेतच पुरेसे बनते. बापाचे सिमेंट त्यामानाने कच्चे होते. तरी विल्यमने आपला माल बापाच्याच पेटंटच्या नावावर विकला! जोसेफ २० मार्च १८५५ रोजी वारला, विल्यम १८६४ मध्ये जर्मनीत.

आता आकड्याकडे. एक भाग सिमेंट आणि तीन भाग प्रमाणित रेती यांचा ठोकळा २८ दिवस भिजवून दाबतात. दर चौरस मिलिमीटरला निदान ५३ न्यूटन दाब सोसला तर ते ५३ ग्रेड. म्हणजे ही सिमेंटची परीक्षा झाली, तुमच्या स्लॅबची नव्हे. स्लॅबचे एम-२० किंवा एम-२५ हे वेगळे माप. ते गिट्टी, रेती, ठोकणी आणि मुख्य म्हणजे पाण्यावर ठरते. ५० किलोच्या गोणीला २५ लिटर पाणी पुरत असताना माल पातळ हवा म्हणून मिस्त्रीने ३५ लिटर ओतले, तर ५३ ग्रेडचा स्लॅबही नीट कालवलेल्या ४३ च्या मागे पडू शकतो.

५३ ग्रेड ताकद लवकर धरते, पण उष्णताही लवकर सोडते. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ वर असताना असा स्लॅब उघडा राहिला तर तडे जातात. माल सकाळी लवकर किंवा संध्याकाळी टाका, वर ओली पोती पसरा आणि निदान सात दिवस, या उन्हात तर दहा दिवस, ती सुकू देऊ नका.