विनायक पांडुरंग करमरकर

विनायक पांडुरंग करमरकर ऊर्फ नानासाहेब करमरकर (२ ऑक्टोबर १८९१ – १३ जून १९६७) हे वास्तववादी शैलीत काम करणारे भारतीय शिल्पकार होते. पुण्यातील श्री शिवाजी स्मारकाचा छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा (१९२८) ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कृती होय. मोठ्या आकाराचा पुतळा भारतातच, अखंड स्वरूपात ओतण्याचे धाडस त्यांनी या कामात यशस्वी करून दाखवले. रायगड जिल्ह्यातील सासवणे या त्यांच्या जन्मगावी त्यांच्या राहत्या घरात आणि कार्यशाळेच्या परिसरात आज त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे.

बालपण

सासवणे हे अलिबाग तालुक्यातील मांडवा आणि किहीम यांच्या दरम्यान वसलेले किनाऱ्यावरचे गाव. करमरकरांच्या काळी हा प्रदेश कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. रायगड हे नाव त्याला १९८१ मध्ये मिळाले. समुद्रमार्गे मुंबई जवळ असली, तरी चित्र किंवा शिल्प शिकण्याची कोणतीही सोय या टापूत नव्हती. जी काही कला होती ती घरातली आणि देवघरातली. करमरकरांच्या घरी गणपतीच्या मूर्ती घडवल्या जात. शाडू मळणे, तिचा ओलावा राखणे, हाताच्या बोटांनी सोंडेचा आणि पोटाचा गोलवा काढणे, मूर्ती तडकू नये म्हणून ती सावलीत वाळवणे ही कामे त्यांनी लहानपणीच पाहिली आणि केली. शिल्पशिक्षणाचा पाया म्हणून पुढे कलाशाळेत जे शिकवले जाते, त्यातला मातीशी संबंधित भाग त्यांच्या हातात असा आधीच आलेला होता. रेखाटनाची आवडही तेव्हापासूनचीच.

त्यांच्या आयुष्याला वळण देणारी घटना याच वयात घडली. गावातील देवळाच्या भिंतीवर त्यांनी घोड्यावर स्वार झालेल्या शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. कुलाब्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ऑटो रॉथफेल्ड फिरतीवर असताना ते चित्र त्यांच्या पाहण्यात आले. रॉथफेल्ड हे स्वतः कलेची जाण असलेले लेखक होते; भारतीय स्त्रियांवरील त्यांच्या पुस्तकासाठी चित्रकार म. वि. धुरंधर यांनी चित्रे काढली आहेत. त्यांनी या मुलाची चौकशी केली आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्याच्या शिक्षणाची व्यवस्था लावून दिली. या प्रसंगाकडे केवळ सुदैव म्हणून पाहणे अपुरे ठरेल. गावच्या शाळेतून कलाशाळेपर्यंत पोहोचवणारी वाट तेव्हा जवळजवळ नव्हतीच, आणि एका अधिकाऱ्याची नजर भिंतीकडे गेली नसती तर करमरकरांचे कौशल्य बहुधा गणेशोत्सवापुरतेच मर्यादित राहिले असते.

शिक्षण

१८५७ मध्ये सुरू झालेल्या सर ज. जी. कलाशाळेचे प्राचार्यपद त्या काळी सेसिल बर्न्स यांच्याकडे होते. तेथील अभ्यासक्रम पायरीपायरीने चढत जाणारा होता. प्रथम रेषा, भौमितिक आकार आणि मुक्तहस्त रेखाटन. नंतर ग्रीक-रोमन शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून छायाप्रकाशाचा अभ्यास. त्यानंतर त्याच प्रतिकृतींवरून मातीत उठाव आणि पूर्णाकृती घडवणे, अशी ही शिस्त होती. पाश्चात्त्य पद्धतीचे हे शिक्षण भारतीय विद्यार्थ्याला आपल्या परंपरेपासून तोडते, अशी टीका पुढे झाली व ती सर्वस्वी अनाठायी नाही. परंतु करमरकरांच्या बाबतीत या शिस्तीचा लाभ स्पष्ट दिसतो. घरी त्यांनी ठरावीक प्रमाणातली मूर्ती मनातून घडवणे आत्मसात केले होते. समोरची वस्तू डोळ्याने मोजून तिचे वजन, तोल आणि पृष्ठभाग मातीत उतरवणे ते कलाशाळेत शिकले. शिल्पकला विभागातील गुणी विद्यार्थी म्हणून त्यांचा लौकिक झाला.

जिवंत व्यक्तीला समोर बसवून करावयाच्या अभ्यासाला या शाळेत नियमित स्थान मिळाले ते १९१९ नंतर, ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत. करमरकर त्यापूर्वीच बाहेर पडले होते. शिक्षणातील ही उणीव त्यांनी पुढे इंग्लंडमध्ये भरून काढली.

कलकत्ता आणि लंडन

रवींद्रनाथ टागोर यांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांच्या प्रोत्साहनाने करमरकर १९१६ च्या सुमारास कलकत्त्यास गेले. सुरेंद्रनाथांचे वडील सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यात सनदी सेवेत होते, त्यामुळे त्या कुटुंबाला मराठी प्रदेश परका नव्हता. कलकत्त्यात तेव्हा अवनींद्रनाथ टागोर आणि त्यांचे शिष्य युरोपीय वास्तववाद बाजूला सारून भारतीय चित्रपरंपरेचा नव्याने शोध घेत होते. मुंबईत शिकलेला आणि हुबेहूबपणावर श्रद्धा असलेला तरुण शिल्पकार याच शहरात येऊन आपली कार्यशाळा थाटतो, ही गोष्ट कलेतिहासाच्या अभ्यासकाला विचार करायला लावणारी आहे. करमरकरांनी आपली वाट बदलली नाही. व्यक्तिशिल्पांची कामे त्यांना मिळत गेली आणि बंगालमध्ये त्यांचे नाव झाले.

१९२० साली ते लंडनला गेले व तेथील रॉयल अकॅडमीत त्यांनी उच्च शिक्षण घेतले. मानवी शरीररचनेचा प्रत्यक्ष अभ्यास आणि धातूच्या ओतकामाचे ज्ञान या दोन गोष्टी त्यांनी तेथून आणल्या. पुढील काळात दुसरी गोष्ट निर्णायक ठरली.

पुण्याचा अश्वारूढ पुतळा

पुण्यात शिवाजी महाराजांचे भव्य स्मारक व्हावे यासाठी कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी पुढाकार घेतला होता. त्याचा कोनशिला समारंभ नोव्हेंबर १९२१ मध्ये तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते झाला. मे १९२२ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाल्यानंतर राजाराम महाराजांनी हे कार्य पुढे चालवले. पुतळ्याचे काम करमरकरांकडे आले, तेव्हा त्यांच्यासमोर कलेचा आणि तंत्राचा असा दुहेरी प्रश्न होता.

अश्वारूढ पुतळा हा शिल्पप्रकारांतील अवघड प्रकार मानला जातो. घोडा आणि स्वार यांचा सारा भार घोड्याच्या बारीक पायांवर येतो. त्यातील एखादा पाय उचललेला दाखवायचा तर तोल साधणे आणखी कठीण होते. शिवाय घोड्याची ताकद दाखवताना स्वार दुय्यम ठरण्याचा धोका असतो. करमरकरांनी घोडा मागच्या पायांवर उभा केला नाही. त्याला चालत्या गतीत दाखवून त्याची मान आणि स्वाराची ताठ बैठक यांतून अधिकाराचा भाव निर्माण केला. पुतळ्याची उंची साडेतेरा फूट आणि वजन सुमारे ८ टन आहे.

तंत्राचा प्रश्न ओतकामाचा होता. मातीच्या मूळ आकृतीवरून प्लास्टरचा साचा, त्यावरून ओतकामाचा साचा आणि शेवटी त्यात वितळलेले ब्राँझ, असा हा क्रम असतो. मोठा पुतळा सहसा तुकड्यातुकड्यांत ओतून नंतर जोडतात. अखंड ओतायचा तर सगळा धातू एकाच वेळी योग्य तापमानाला आणून न थांबता साच्यात सोडावा लागतो. मध्येच तो थंडावला किंवा आत हवा कोंडली, तर अनेक महिन्यांचे श्रम वाया जातात. त्या काळी भारतातील मोठे ब्राँझ पुतळे बहुतेक युरोपातील ओतशाळांतून तयार होऊन येत. करमरकरांनी हे काम मुंबईत, माझगाव गोदीत, अखंड स्वरूपात करण्याचा निर्णय घेतला आणि तो तडीस नेला. एवढ्या उंचीचा पुतळा बोरघाटातील बोगद्यांतून रेल्वेने पुण्यास नेणे हेही ओतकामाइतकेच जिकिरीचे होते. १६ जून १९२८ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते पुतळ्याचे अनावरण झाले.

१९३२ मध्ये याच परिसरात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल सुरू झाले. देवळाच्या भिंतीवर स्वाराचे चित्र काढणाऱ्या शाळकरी मुलाचे हे शिल्प गेली अनेक दशके एका शाळेच्या प्रांगणात उभे आहे. पुणेकरांना पुतळा परिचित आहे. शिल्पकाराचे नाव मात्र तितके परिचित नाही.

शैली व इतर शिल्पे

ग. का. म्हात्रे यांच्यानंतरच्या पिढीत र. कृ. फडके, बा. व. तालीम आणि करमरकर ही मराठी वास्तववादी शिल्पकलेतील प्रमुख नावे होत. स्मारकांची आणि व्यक्तिशिल्पांची मागणी हा या सर्वांच्याच उपजीविकेचा आधार होता. करमरकरांनीही अशी पुष्कळ कामे केली. परंतु त्यांच्या कलेचा खरा स्वभाव पाहायचा असेल, तर कोणीही न सांगता केलेल्या शिल्पांकडे वळावे लागते. शंख फुंकणाऱ्या स्त्रीचे ‘शंखध्वनी’ हे त्यांपैकी गाजलेले शिल्प. कोळी मुलगी, कष्टकरी माणसे, घरातली आणि गावातली जनावरे हे विषय त्यांनी सासवण्याच्या परिसरातूनच घेतले. अंगणातील म्हैस तर इतकी जिवंत वाटते, की प्रथम पाहणारा थबकतोच.

या शिल्पांसाठी त्यांनी सिमेंटचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. ब्राँझ आणि संगमरवर ही माध्यमे महाग व आश्रयदात्यावर अवलंबून असणारी. सिमेंट स्वस्त, आणि किनाऱ्यावरच्या पावसात व खाऱ्या हवेत उघड्यावर टिकू शकणारे. बांधकामाच्या या साहित्यातून त्वचेचा मऊपणा आणि ओल्या वस्त्राची घडी दाखवण्यात त्यांना मिळालेले यश त्यांच्या समकालीनांमध्ये वेगळे उठून दिसते. स्वातंत्र्योत्तर काळात अमूर्त आणि आधुनिक शिल्पाकडे कलाजगताचा ओढा वाढला, तेव्हा त्यांच्या शैलीची गणना जुन्या वळणात होऊ लागली. त्यांनी त्यासाठी तडजोड केली नाही. भारत सरकारने पद्मश्री देऊन, तर ललित कला अकादमीने आपले सन्माननीय सदस्यत्व देऊन त्यांचा गौरव केला.

सासवणे येथील संग्रहालय

करमरकरांच्या निधनानंतर कुटुंबीयांनी त्यांची शिल्पे सासवण्याच्या घरातच जतन केली. सुमारे दीडशे शिल्पांचा हा संग्रह दालनांत आणि बागेत मांडलेला असून तो लोकांना पाहण्यासाठी खुला आहे. मुंबईहून मांडव्यापर्यंत बोटीने आणि तेथून अलिबाग रस्त्याने येथे पोहोचता येते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची तयारी करणाऱ्या शालेय विद्यार्थ्यांना स्थिरचित्र आणि स्मरणचित्र कागदावर शिकवले जाते. घनाकार कसा वाचावा हे मात्र मूळ शिल्पाभोवती फिरल्याखेरीज कळत नाही. त्या दृष्टीने जिल्ह्यातील शाळांच्या सहलींसाठी हे स्थळ उपयुक्त आहे.