हरिभाऊंनी स्वतःचे पत्र काढले तेव्हा

सीमाभागात मराठी लिहिणारे हात कमी नाहीत. आमच्या समितीकडे अधूनमधून एखाद्या कादंबरीची वही येते आणि तिच्यासोबत ठरलेला प्रश्नही येतो: पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाच्या उत्तराची वाट पाहावी, की पदरचे पैसे घालून छापून मोकळे व्हावे? अशा वेळी आम्ही हरि नारायण आपटे यांची हकीकत सांगतो.

हरिभाऊंचा जन्म 8 मार्च 1864 चा, खानदेशातल्या पारोळ्याचा. शिक्षण मुंबईत व पुण्यात झाले. चिपळूणकर, आगरकर, टिळक यांच्या न्यू इंग्लिश स्कूलमधले हे विद्यार्थी. कॉलेजात गणिताने दगा दिला आणि पदवी राहून गेली. (गणित शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी हे वाक्य मनावर घेऊ नये.) पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ 1885 पासून ‘पुणेवैभव’ पत्रात क्रमशः येऊ लागली. वय अवघे एकवीस. म्हणजे प्रारंभ दुसऱ्याच्याच दारात झाला.

पुढे 1890 साली त्यांनी ‘करमणूक’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले. घरातल्या सर्वांनी, विशेषतः नुकत्याच वाचायला शिकलेल्या स्त्रियांनी, हाती घ्यावे असे ते पत्र. त्यातच ‘पण लक्षांत कोण घेतो!’ छापली जाऊ लागली. यमू नावाची मुलगी आपले बालपण, लग्न आणि वैधव्य स्वतःच्या तोंडाने सांगते. केशवपनाचा जुलूमही ती सांगते. त्याच सुमारास संमतिवयाच्या कायद्यावरून पुणे पेटले होते. 1891 च्या मार्चमध्ये तो कायदा झाला. अशा दिवसांत ही कहाणी दुसऱ्या एखाद्या पत्रात कितपत टिकली असती, याची आम्हांला शंकाच आहे. पत्र स्वतःचे, म्हणून मध्येच थांबवायला सांगणारा कोणी नव्हता.

पण ही एक बाजू झाली. दुसरी बाजू पैशाची. हरिभाऊंचे चुलते महादेव चिमणाजी आपटे मुंबईचे नामांकित वकील. त्यांनी 1888 साली पुण्यात संस्कृत ग्रंथांच्या छपाईसाठी आनंदाश्रम संस्था स्थापली आणि तिचा कारभार हरिभाऊंकडे आला. चूल कादंबरीवर अवलंबून नव्हती. हे न सांगता नुसते त्यांचे धाडस सांगितले, तर घरची जमीन गहाण टाकून हजार प्रती छापणारा एखादा मुलगा फसायचा.

आणखी एक किंमत होती. साप्ताहिकाला दर आठवड्याला मजकूर लागतोच. अंक निघायचा म्हणजे प्रकरण लिहायचेच, मग मन लागो न लागो. त्यामुळे पाल्हाळ झाला आणि ‘कर्मयोग’सारख्या कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. हात धरून हे प्रकरण गाळा म्हणणारा संपादक वर नव्हता, कारण संपादक ते स्वतःच होते. आमच्या मते चांगल्या प्रकाशकाचा खरा उपयोग इथे असतो. कागद-शाई काय, कोणीही पुरवील.

हरिभाऊंच्या बाबतीत पुस्तकाच्या आधी वाचक तयार झाला, हे मात्र विसरू नये. आठवड्यामागून आठवडा यमूची वाट पाहणारी घरे होती. ग्रंथ मागाहून आला. आमच्याकडे येणाऱ्या वह्यांपैकी बहुतेक लेखकाखेरीज कोणी वाचलेल्याही नसतात. गावच्या वाचनालयात चार शनिवार चार प्रकरणे वाचून दाखवायला पैसे पडत नाहीत. बाया उठून गेल्या की थांबल्या, तेवढे पाहावे.

‘करमणूक’ सत्तावीस वर्षे चालले व 1917 मध्ये बंद पडले. दरम्यान हरिभाऊ पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि 1912 साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचेही. 3 मार्च 1919 रोजी ते वारले. त्यांच्या अखेरच्या मोठ्या कादंबऱ्यांपैकी ‘वज्राघात’ विजयनगरच्या नाशावर आहे. तुंगभद्रेकाठच्या कानडी राजधानीचा शेवट मराठीत लिहिला गेला, तोही ‘करमणुकी’च्याच पानांतून.