कंपनी दीड लाख द्यायला तयार होती, भटनागरांनी ते विद्यापीठाच्या नावावर टाकायला लावले

विज्ञानातलं भटनागर पारितोषिक बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण हे भटनागर कोण, असं विचारलं की सीएसआयआरचे संस्थापक, एवढ्यावर गाडी थांबते. खरं तर कंपनीचा प्रश्न, विद्यापीठाची लॅब आणि सरकारचा पैसा या तीन गोष्टींची मोट बांधायची कशी, हे कोडं आज संशोधनाच्या ग्रँटसाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला पडतं. शांतिस्वरूप भटनागरांनी ते इंग्रजांच्या काळात हातात घेतलं होतं.

त्यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ चा, आज पाकिस्तानात असलेल्या भेऱ्याचा. वडील गेले तेव्हा ते आठ महिन्यांचे होते. बुलंदशहर जिल्ह्यातल्या सिकंदराबादला आजोळी वाढले. आजोबा इंजिनिअर, त्यामुळे यंत्रांशी खेळायची सवय लहानपणीच लागली. पुढे लाहोरला शिक्षण झालं. कॉलेजात असताना गड्याने उर्दूत नाटकही लिहिलं होतं.

१९१९ मध्ये एमएस्सी झाली आणि दयाल सिंग कॉलेजच्या ट्रस्टची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेला निघाले. जायचं होतं इंग्लंडमार्गे. पण पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि जहाजं घरी परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी भरून चालली होती. जागाच मिळेना. म्हणून ते लंडनला थांबले आणि युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्राध्यापक डोनन यांच्या हाताखाली काम करू लागले.

ही अडचण एका अर्थाने पथ्यावर पडली. इंग्लंडमध्ये त्यांना डीएसआयआर या सरकारी खात्याची वर्षाला २५० पौंडांची फेलोशिप मिळाली. हे खातं १९१६ साली निघालं होतं. युद्ध पेटल्यावर ब्रिटनच्या लक्षात आलं की रंगांपासून काचेपर्यंत बऱ्याच वस्तूंसाठी आपण जर्मनीवर अवलंबून आहोत. मग सरकारने संशोधनासाठी पैसा बाजूला काढला. एका धंद्यातल्या कंपन्यांनी एकत्र येऊन स्वतःच्या खिशातून वर्गणी काढली, तर सरकारही आपला वाटा घालणार, अशी ती योजना होती. भटनागर त्या खात्याच्या पैशावर शिकत होते, म्हणजे ही व्यवस्था त्यांनी आतून पाहिली.

१९२१ मध्ये डीएससी घेऊन ते परतले. तीन वर्षं बनारस हिंदू विद्यापीठात शिकवलं. तिथलं कुलगीत त्यांनीच लिहिलेलं आहे. १९२४ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात रासायनिक प्रयोगशाळांचे संचालक झाले. इथे कारखानदार प्रश्न घेऊन त्यांच्याकडे यायला लागले. सर गंगाराम यांच्यासाठी त्यांनी उसाच्या चोयट्यांपासून जनावरांचं खाद्य बनवून दिलं.

मग आलं रावळपिंडीच्या अटक ऑइल कंपनीचं प्रकरण.

तेलाची विहीर खोदताना ड्रिलभोवती मातीचा पातळ चिखल सतत फिरवत ठेवावा लागतो. तो ड्रिल थंड ठेवतो आणि फुटलेल्या दगडाचा चुरा वर आणतो. पण या भागात जमिनीत मिठाचे थर होते. मीठ लागलं की चिखल घट्ट व्हायचा आणि काम ठप्प. कंपनीने यंत्रं बदलून पाहिली असती तरी उपयोग नव्हता, कारण दुखणं रसायनशास्त्राचं होतं. पाण्यात तरंगणारे मातीचे बारीक कण मिठामुळे एकमेकांना चिकटून गोळा होत होते. भटनागरांचा अभ्यासच या विषयातला. त्यांनी चिखलात भारतीय डिंक मिसळायला सांगितलं. डिंकामुळे कण सुटे राहिले, चिखल पातळ राहिला आणि ड्रिल पुन्हा फिरू लागलं.

अटक ऑइलचा कारभार पाहणारी लंडनची स्टील ब्रदर्स कंपनी एवढी खूश झाली की पेट्रोलियमवर पुढचं संशोधन करण्यासाठी तिने दीड लाख रुपये देऊ केले. १९३० च्या दशकातले दीड लाख! भटनागरांनी स्वतःसाठी काही घेतलं नाही. पैसा विद्यापीठामार्फत येऊ द्या, अशी व्यवस्था त्यांनी लावली आणि त्यातून पंजाब विद्यापीठात पेट्रोलियम संशोधनाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. मेणाचा वास काढणं, रॉकेलची ज्योत वाढवणं असे रोजच्या वापरातले प्रश्न तिथे हाताळले गेले. काम बघून कंपनीने रक्कम वाढवली आणि पाच वर्षांची मुदत दहा वर्षांची केली. माझ्या मते त्यागापेक्षा हा हिशोबी शहाणपणा जास्त होता. एका माणसाला दिलेलं बक्षीस तिथेच संपलं असतं.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि भारतात इंग्रज सरकारची तीच पंचाईत झाली जी १९१४ मध्ये ब्रिटनची झाली होती. व्हाइसरॉयच्या कौन्सिलमधले रामस्वामी मुदलियार यांनी पाठपुरावा केला आणि १ एप्रिल १९४० ला वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन मंडळ निघालं. मुदलियार अध्यक्ष, भटनागर संचालक, वर्षाला पाच लाख रुपये. वर्ष संपेपर्यंत सुमारे ८० संशोधक कामाला लागले होते.

पण लॅबमधली वस्तू कारखान्यात जायची कशी? यासाठी भटनागरांनी १९४१ मध्ये आणखी एक समिती करायला लावली. शोध वापरणाऱ्या उद्योगाने रॉयल्टी भरायची आणि तो पैसा पुन्हा संशोधनात यायचा. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला मध्यवर्ती कायदेमंडळाने पाच वर्षांसाठी दरसाल दहा लाखांचा औद्योगिक संशोधन निधी मंजूर केला. २६ सप्टेंबर १९४२ ला सीएसआयआर जन्माला आली.

पुढची गोष्ट पुणेकरांना ठाऊक आहे. पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलचा पाया ६ एप्रिल १९४७ ला बाळासाहेब खेरांच्या हस्ते घातला गेला, टाटांनी देणगी दिली आणि ३ जानेवारी १९५० ला नेहरूंनी उद्घाटन केलं. अशा राष्ट्रीय प्रयोगशाळा एकामागून एक उभ्या राहिल्या.

इथेच वादही सुरू झाला. सी. व्ही. रामन यांनी या प्रयोगशाळांवर कडक टीका केली. मेघनाद साहांसारख्यांची तक्रार होती की चांगली माणसं आणि पैसा सरकारी प्रयोगशाळांकडे वळतोय आणि विद्यापीठं कोरडी पडतायत. ही तक्रार पोकळ नव्हती. ज्या माणसाने कंपनीचा पैसा विद्यापीठात आणला, त्याच्याच संस्थेमुळे संशोधन विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर जात होतं.

१९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग सुरू झाला, तेव्हा पहिले अध्यक्ष भटनागरच झाले. विद्यापीठांना पैसा वाटण्याची खुर्ची आता त्यांच्याकडे होती. पण वेळ जेमतेम वर्षभराचा मिळाला. १ जानेवारी १९५५ ला दिल्लीत हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले.