मुलांच्या न्यायासनापुढे

पोलंड देशाच्या वॉर्सा ह्या राजधानीत, क्रोखमाल्ना नावाच्या रस्त्यावर, १९१२ साली ज्यू जमातीच्या अनाथ मुलांसाठी एक नवे घर उघडण्यात आले. सुमारे शंभर मुलेमुली तेथे राहत असत. ह्या घराचे स्वतःचे एक न्यायालय होते आणि त्यातील न्यायाधीश ही मुलेच होती! ज्यांच्याविरुद्ध त्या आठवड्यात एकही तक्रार आलेली नसे, अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडले जात. न्यायालयाची कलमे मोठी विलक्षण होती. पहिली नव्याण्णव कलमे क्षमेची. शंभराव्या कलमापासून मात्र दोषाचा स्पष्ट उच्चार होई आणि पुढे पुढे तो अधिकाधिक कठोर होत जाई. हजारावे कलम घरातून काढून टाकण्याचे होते.

ह्या न्यायासनापुढे एका सहामाहीत एकच आरोपी पाच वेळा उभा राहिला. एकदा त्याने एका मुलाच्या कानशिलात मारली होती; एकदा एकाला शयनगृहाबाहेर घालवले होते; एकदा एकाला कोपऱ्यात उभे केले होते; एकदा न्यायाधीशाचाच अपमान केला होता; आणि एकदा एका मुलीवर चोरीचा नाहक संशय घेतला होता. पाचही वेळा त्याने आपण होऊन स्वतःला न्यायालयाच्या स्वाधीन केले. हा आरोपी म्हणजे त्या घराचे प्रमुख, डॉक्टर यानुश कोर्चाक.

कोर्चाक ह्यांचे मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. त्यांचा जन्म १८७८ च्या सुमारास वॉर्सा येथे झाला. वडील वकील होते. घरात सुबत्ता होती. पण पुढे वडिलांना मानसिक विकार जडला आणि १८९६ साली ते वारले. हेन्रिकवर शिकवण्या करून घर चालविण्याची पाळी आली. १८९८ साली एका नाट्यलेखन स्पर्धेसाठी त्यांनी यानुश कोर्चाक हे नाव घेतले आणि तेच त्यांना जन्मभर चिकटले. वैद्यकाचे शिक्षण पुरे करून ते मुलांच्या रुग्णालयात डॉक्टर झाले.

शिक्षकाच्या कामाचा पहिला धडा मात्र त्यांना रुग्णालयाबाहेर मिळाला. १९०४ सालच्या उन्हाळ्यात शहरातील गरीब मुलांना हवापालटासाठी खेड्यात नेण्यात आले, तेव्हा तीसहून अधिक मुलगे त्यांच्या हवाली करण्यात आले होते. तरुण कोर्चाक मोठ्या उमेदीने गेले. खेळांची साधने त्यांनी बरोबर घेतली होती. मुले आनंदाने आपल्याभोवती गोळा होतील, अशी त्यांची कल्पना होती. पण जेवणाच्या टेबलावरच्या जागांवरून भांडणे, खाटांवरून भांडणे! रात्री दिवे मालवल्यावर कोणी शीळ घातली, कोणी आरोळी ठोकली. संतापाच्या भरात त्यांनी एका मुलाचा कान पिरगाळला आणि तुला बाहेर पडवीत मोकळ्या कुत्र्यापुढे सोडीन, असा दम भरला. जो मनुष्य मुलांवर प्रेम करण्यासाठी आला होता, त्याने पहिल्याच काही दिवसांत असे करावे!

असा प्रसंग पुष्कळांच्या हातून घडतो आणि पुष्कळ लोक मुलांना वाईट ठरवून मोकळे होतात. कोर्चाक ह्यांनी तसे केले नाही. दोष कोठे आहे, ह्याचा शोध त्यांनी आपल्या स्वतःच्या वागण्यात घेतला. आपण खेळांची तयारी केली, पण मुलांची ओळख करून घेतली नाही. आपण मुलांपुढे बोललो, मुलांशी बोललो नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढच्या खेपेस त्यांनी मुलांची नावे पाठ केली आणि पहिल्याच दिवशी प्रत्येकाविषयी आपल्याला काय वाटले, ते लिहून ठेवले. पहिल्या फजितीची ही सारी हकीकत त्यांनी पुढे काहीही न लपवता आपल्या पुस्तकात छापली. अशा गोष्टी झाकून ठेवण्याकडेच मनुष्याचा ओढा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या धैर्याची कल्पना येते.

ही सवय त्यांच्यातील वैद्याची होती. वैद्य रोग्याचा ताप मोजतो, नाडी पाहतो, औषध लागू पडले की नाही ते टिपून ठेवतो आणि उतार पडला नाही तर उपाय बदलतो. मग शिक्षकाने मुलाचे हसणे, रडणे, लाजणे, गप्प बसणे ही लक्षणे का टिपू नयेत? १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा पुस्तकात त्यांनी वर्गातील क्षणाक्षणांच्या अशा नोंदी दिल्या आहेत. मूल का चिडले, एवढेच पाहून ते थांबत नसत. आपण का चिडलो, हेही ते लिहीत. अनाथगृहात ते दर आठवड्याला प्रत्येक मुलाचे वजन करीत आणि ते आकडे वर्षानुवर्षे जपून ठेवीत.

ह्या कामात स्टेफानिया विल्चिन्स्का ह्या कर्तबगार बाईंची त्यांना अखंड साथ होती. घराचा रोजचा गाडा मुख्यतः त्याच हाकीत. पुढे काही तरुण तरुणी शिक्षणाचे काम शिकण्यासाठी त्या घरात राहू लागले. ते दिवसभरातील आपले अनुभव आणि अडचणी वहीत लिहीत, आणि स्टेफानियाबाई त्या वाचून वहीतच उत्तर लिहून ठेवीत. बोलताना जे सांगण्याचा संकोच वाटे, ते वहीत उतरत असे.

कोर्चाक ह्यांची कीर्ती वाढत गेली. मुलांच्या एका राजाविषयी त्यांनी लिहिलेली कादंबरी अनेक भाषांत गेली. आकाशवाणीवर त्यांचे बोलणे ऐकायला लहानथोर सारेच उत्सुक असत.

१९३९ साली जर्मन सैन्याने पोलंड जिंकला. पुढच्या वर्षी वॉर्सामधील ज्यू लोकांना एका लहानशा वस्तीत भिंती घालून कोंडण्यात आले. कोर्चाक ह्यांचे अनाथगृहही तेथे गेले. मुलांची संख्या दोनशेच्या घरात पोचली होती. अन्न मिळविण्यासाठी वृद्ध डॉक्टर दारोदार हिंडत. रात्री मुले झोपली म्हणजे ते लिहावयास बसत. अशाही दिवसांत, १८ जुलै १९४२ रोजी, त्या घरातील मुलांनी एक नाटक केले. ते होते रवींद्रनाथ ठाकूर ह्यांचे ‘डाकघर’. घराबाहेर पडण्याची मनाई असलेल्या आजारी अमलची कथा.

ऑगस्टच्या आरंभी एके सकाळी कोर्चाक खिडकीतील रोपांना पाणी घालीत होते. समोर एक बंदूकधारी पहारेकरी त्यांच्याकडे पाहत उभा होता. त्याचा द्वेष करणे किती सोपे होते! पण हा लढाईपूर्वी कोण असेल, असा विचार कोर्चाक ह्यांच्या मनात आला. कदाचित एखाद्या खेड्यातला शिक्षक असेल, असेही त्यांना वाटले. त्यांनी ते वहीत लिहून ठेवले. ती त्यांची अखेरची नोंद.

त्यानंतर लौकरच त्या घरातील सर्वांना ट्रेब्लिंका येथील मृत्यूछावणीकडे नेण्यात आले. कोर्चाक ह्यांना वाचविण्याची तयारी मित्रांनी दाखविली होती. परंतु मुलांना सोडून जाण्यास त्यांनी नकार दिला. स्टेफानियाबाईही मागे राहिल्या नाहीत. रांगा धरून मुले रस्त्याने निघाली आणि त्यांचे डॉक्टर त्यांच्याबरोबर चालत गेले. त्यांतील कोणीही परतले नाही. ती टिपणे मात्र युद्धाच्या काळात लपवून ठेवण्यात आली होती. १९५८ साली ती छापून प्रसिद्ध झाली.