बधिरीकरणाच्या शोधाची जबर किंमत

वयोवृद्ध व्यक्ती घरात पाय घसरून पडते आणि तिच्या खुब्याचे हाड मोडते. अशा वेळी शस्त्रक्रियेइतकाच कठीण असतो तो त्याआधीचा काळ. कूस बदलणे, एक्स-रेसाठी उचलणे, साधे बसते होणेही असह्य ठरते. तेव्हा भूलतज्ज्ञ जांघेजवळ सुई टोचून मांडीच्या मज्जातंतूंभोवती बधिरतेचे औषध सोडतात. रुग्ण शुद्धीवर राहतो, मात्र वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचत नाही. ‘नर्व्ह ब्लॉक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपचाराचा पाया १८८४-८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये घातला गेला. तो घालणारे शल्यविशारद होते विल्यम स्ट्युअर्ट हॉलस्टेड. या शोधाची किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली.

२३ सप्टेंबर १८५२ रोजी न्यूयॉर्कमधील एका सधन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. येल विद्यापीठात ते फुटबॉल संघाचे कर्णधार म्हणून गाजले. १८७७ मध्ये वैद्यकीय पदवी मिळवल्यावर त्यांनी युरोपात दोन वर्षे शिक्षण घेतले आणि १८८० मध्ये मायदेशी परतून शल्यकर्मात नाव कमावले. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने अत्यवस्थ झालेल्या सख्ख्या बहिणीला त्यांनी स्वतःचे रक्त देऊन वाचवले होते. धाडस हा त्यांचा स्वभावच होता.

सप्टेंबर १८८४ मध्ये व्हिएन्नाचे तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांचा शोध जाहीर झाला. कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येत होता. हॉलस्टेड आणि त्यांचे सहकारी रिचर्ड हॉल यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. औषध वरवर लावण्याऐवजी ते मज्जातंतूच्या मुख्य शाखेजवळ टोचले, तर त्या मज्जातंतूच्या अखत्यारीतील सारा भाग बधिर होतो, हे त्यांनी दाखवून दिले. खालच्या जबड्याच्या मज्जातंतूवरील त्यांचा प्रयोग आजच्या दंतवैद्यकाचा आधार ठरला. ईथर किंवा क्लोरोफॉर्म देऊन रुग्णाला पूर्ण बेशुद्ध करण्याला आता पर्याय मिळाला होता.

हे प्रयोग त्यांनी स्वतःच्या शरीरावर केले. कोकेनचे व्यसन किती घातक असते, याची तेव्हा कोणालाच पुरेशी कल्पना नव्हती. वर्षभरात हॉलस्टेड या व्यसनाच्या पूर्ण आहारी गेले. सप्टेंबर १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातील वाक्येही विस्कळीत होती. १८८६ मध्ये त्यांना प्रॉव्हिडन्स येथील बटलर रुग्णालयात दाखल व्हावे लागले. कोकेनच्या जागी मॉर्फीन आले आणि एका व्यसनातून दुसरे जडले.

न्यूयॉर्कमधील कारकीर्द संपली होती. मात्र विल्यम वेल्च या मित्राने त्यांना बाल्टिमोर येथे आपल्या प्रयोगशाळेत आश्रय दिला. पुढे १८८९ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते १८९० मध्ये प्रमुख शल्यविशारद झाले. एके काळी झपाट्याने शस्त्रक्रिया करणारे हॉलस्टेड आता संथ, काटेकोर आणि रक्तस्राव कमीत कमी ठेवणारे सर्जन म्हणून ओळखले जाऊ लागले. जंतुनाशकाने हात सोलवटणाऱ्या परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन यांच्यासाठी त्यांनी रबरी हातमोजे बनवून घेतले. १८९० मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. तरुण डॉक्टरांना टप्प्याटप्प्याने जबाबदारी सोपवणारी शिक्षणपद्धतीही त्यांनी रुजवली. विख्यात मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग हे त्यांच्याच तालमीत तयार झाले.

जगाच्या दृष्टीने ते व्यसनमुक्त झाले होते. प्रत्यक्षात मॉर्फीन सुटले नव्हते. सहकारी विल्यम ऑस्लर यांनी लिहून ठेवलेली ही हकिकत १९६९ मध्ये उघड झाली. पित्ताशयातील खड्यांवरील शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीने ७ सप्टेंबर १९२२ रोजी हॉलस्टेड यांचे निधन झाले. मज्जातंतूंच्या बधिरीकरणातील त्यांच्या अग्रक्रमावर अमेरिकेतील दंतवैद्यांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याच वर्षी शिक्कामोर्तब केले होते.

या उपचारात आता कोकेनची जागा ब्युपिव्हकेनसारख्या औषधांनी घेतली आहे आणि सोनोग्राफीमुळे सुईचे टोक नेमके कोठे आहे, हे पडद्यावर दिसते. खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णांना असे इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासात हालचालीच्या वेदना कमी होतात आणि वृद्धांमध्ये उद्भवणारी भ्रमिष्टावस्थाही कमी आढळते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. शिवाय या रुग्णांना मॉर्फीनसारखी औषधे कमी द्यावी लागतात. ज्या औषधाने हॉलस्टेड यांना अखेरपर्यंत सोडले नाही, त्याचीच गरज त्यांच्या शोधाने इतरांसाठी कमी केली.